निळा दिसलेला धागा
आप्पा, तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, तरी ही एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली.

त्या उन्हाळ्यात तुम्ही शिकवायचात त्या शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. किल्ल्याजवळच्या तळ्यातलं निळसर-हिरवं शेवाळ बशीत घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचात. आई म्हणायची, "हितं भाकऱ्या थापू का तुमचं तळं सांभाळू?" तुम्हाला एकच ध्यास होता. त्या शेवाळाच्या धाग्यातली पेशींची भिंत आणि तिच्यावरचं बुळबुळीत आवरण कशाचं बनलंय? झाडपाल्यासारखं सेल्युलोजचं, की आणखी कशाचं? आयोडीन घालायचं, वर गंधकाम्लाचा थेंब सोडायचा. निळं झालं तर सेल्युलोज. तुमची नजर अधू झालेली, म्हणून भिंगातून बघायचं ते मी. सोळा वर्षांची होते.

आठ दिवस काहीच निळं होईना. "तू नीट बघतच नाहीस," तुम्ही ओरडलात आणि मी रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला एक निळा धागा दिसतो. "आप्पा, निळं!" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. "आता बघितलंस की गं नीट!" मी पुन्हा डोळा लावते. धागा चपटा आहे, पीळ पडलेला. आत पेशींची माळ नाही. सूतगिरणीचा कापूस आपल्या गल्लीत उडतच असायचा, तुमच्या धोतरावर, माझ्या परकरावर, पिठातसुद्धा. हा तोच होता, आणि कापूस म्हणजे निव्वळ सेल्युलोज. मला लगेच कळलं. पण तुमचा हात अजून डोक्यावर होता, आणि मी गप्प बसले.

आकृती मीच काढली. पीळ होता तसाच काढला; तुमच्या ध्यानात येईल, अशी आशा असावी. तुम्ही ती पुण्याच्या एका प्राध्यापकांना पाठवलीत. उत्तर चार ओळींचं आलं: आवरण बहुधा पेक्टिनसारख्या चिकट पदार्थाचं असावं, आकृतीतला धागा कापसाचा आहे, शिक्षकाने एवढं तरी ओळखावं. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत. "माझेच डोळे गेले, पोरी. तुला उगाच घाई केली मी." त्याच दिवशी सूक्ष्मदर्शक शाळेत परत गेला. पुन्हा तुम्ही त्याचं नावही काढलं नाहीत. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, शिकवलंही, आणि लोक म्हणाले, वडिलांचा गुण उतरला. मी मान डोलावत राहिले.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. त्या दिवशी तुमचा उतरलेला चेहरा बघून मला वाईट वाटलं, हे खरं. पण त्याच्याही आधी, तुम्ही मला रागावला नाहीत म्हणून हायसं वाटलं होतं.