कंपनीची चार चाकं

७ फेब्रुवारी, शनिवार

गाडी घेतली. जुनी, पण स्पोर्ट्स. लाल. विकणारा म्हणाला, तासभर नुसती चाकंच बघणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. बरं वाटलं. लोक इंजिन बघतात, सीटवर बसून उड्या मारतात, रेडिओ लावतात. अडाणीपणा. स्पोर्ट्स गाडी ओळखायची ती चाकांवरून. चाकं कंपनीची असली तर गाडीला कुणी हात लावलेला नाही, आणि डुप्लिकेट असली तर समजायचं की पुढे सगळाच घोळ आहे. शितावरून भाताची परीक्षा. या विषयावर मी गेले कित्येक महिने वाचतोय. बाकीची गाडी बघायला वेळ उरला नाही, पण गरजही नव्हती.

बायकोचा शिवणक्लास गॅरेजमधून हॉलमध्ये हलवला. तात्पुरता, असं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी तो होकार धरतो.

८ फेब्रुवारी, रविवार

साडू आणि मेहुणी गाडी बघायला आले. साडूला सगळ्यातलं सगळं कळतं. फ्रिज, शेअर बाजार, दुसऱ्यांचे गुडघे. गाडीभोवती एक फेरी मारली, बुटाच्या टोकाने चाकाला ढोसलं आणि म्हणाला, चाकं डुप्लिकेट आहेत. का, तर मधली टोपी वाकडी बसलीय आणि रंग जरा जास्तच चकचकीत आहे. मेहुणी हसली.

रागाच्या भरात बोलून गेलो की ही गाडी ओरिजिनल ठरली नाही तर विकून टाकीन आणि गॅरेज ज्याचं त्याला परत देईन. बायकोने मशीन थांबवलं आणि म्हणाली, हे सगळ्यांनी ऐकलंय बरं का.

ऐकू दे. लग्न झाल्यापासून या घरात साडूचं खरं आणि माझं खोटं. वॉशिंग मशीनच्या वेळी तो बरोबर निघाला. हॉलच्या रंगाच्या वेळीही. विम्याच्या पॉलिसीबद्दल तर मी लिहिणारसुद्धा नाही. पण चाकं हा माझा विषय आहे. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्याने माझ्यासमोर उभं राहून म्हणावं की मी चुकलो. एवढंच मागतोय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसला गाडीने. उड्डाणपुलाच्या चढावर दुधाची व्हॅन ओव्हरटेक करून गेली. ड्रायव्हरने हात केला. मी केला नाही. इंजिन बरेच दिवस पडून होतं, अजून मोकळं व्हायचंय.

खड्ड्यात गेली की मागची चाकं मडगार्डला आतून घासतात. खर्रर्र. ऑफिसातला कॅशियर म्हणाला, गाडीच्या मानाने चाकं मोठी वाटतात. धाकट्याने थोरल्याचे बूट घातल्यासारखी. त्याला समजावलं की स्पोर्ट्स गाडीची मागची चाकं रुंदच असतात. रुंद म्हटल्यावर घासणारच. तो स्कूटरवाला आहे. त्याला काय कळणार?

१४ फेब्रुवारी, शनिवार

वजनाची परीक्षा. कंपनीचं चाक हलकं असतं, डुप्लिकेट जड. जॅक लावून एक चाक काढलं, मिठीत घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो आणि त्यातून माझं वजन वजा केलं. माझं वजन मला पाठ आहे.

चाक भयंकर जड निघालं. दोनदा केलं. घाम फुटला. काटा बिघडलाय असं जाहीर केलं. बायको हॉलमधून म्हणाली, आधी एकदा नुसतेच उभे राहून बघा. तिचं समाधान व्हावं म्हणून उभा राहिलो.

चाकाचं वजन अगदी बरोबर निघालं. कंपनीचंच.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी चालायला जाणे. गोड बंद.

१५ फेब्रुवारी, रविवार

चालणं रद्द. कंबर धरलीय. चाक उचलल्यामुळे.

वजनाचा निकाल साडूला फोनवर कळवला. तो म्हणाला, वजनावरून काही सिद्ध होत नाही. मग सिद्ध होतं कशावरून, असं विचारलं. म्हणाला, मागे छापलेल्या नंबरावरून. जणू हे मला माहीतच नव्हतं. नंबर मी शेवटी बघणार होतो. ऐन रंगात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ऐतिहासिक दिवस. चारही चाकं काढून उलटी केली. पाठीमागे ब्रेकच्या काळ्या भुकटीचा थर. जुन्या टूथब्रशने घासत बसलो. (जुना नव्हता असं बायकोचं म्हणणं.) आधी काही नाही. नुसतं काळं पाणी. खोटं कशाला लिहू, एकदा वाटलं की घासणं थांबवावं आणि जे आहे ते काळंच राहू द्यावं.

मग एका दांडीच्या पाठीवर आकडे दिसले. स्टिकर नाही, खरडलेले नाहीत, धातूतच ओतलेले. कंपनीची खूण, रुंदी, पार्ट नंबर. चारही चाकांवर. शिवणक्लासच्या बायका खिडकीत गोळा झाल्या, कारण मी ओरडलो होतो.

साडूला फोटो पाठवले. उत्तर आलं: आजकाल डुप्लिकेटवाले नंबरही ओततात. याला म्हणतात पडलो तरी नाक वर.

२२ फेब्रुवारी, रविवार

बायकोने आपण होऊन गाडी पुसली. चांगलं लक्षण. पुसता पुसता डिकीवरची ‘स्पोर्ट’ ही पट्टी तिच्या हातात आली. खाली रंगावर दुसऱ्याच कुठल्या तरी लांबलचक नावाची पुसट खूण. तिने विचारलं, हे काय? मी म्हणालो, कारखान्यात डिक्या उरतात, त्या एकमेकांना लावतात. ती म्हणाली, अस्सं. पट्टी दुहेरी टेपने परत चिकटवली. आधीही टेपच होती, म्हणजे पद्धत बरोबर.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा एक क्लब आहे. त्यांच्या सेक्रेटरी बाई गाडी तपासून खरं-खोटं सांगतात. त्यांचा शब्द शेवटचा, हे साडूलाही मान्य. पुढच्या रविवारची वेळ घेतली. साडूला, मेहुणीला, बायकोला, तिघांनाही यायचं आमंत्रण दिलं. साडू म्हणाला, येतो की. त्याच्या आवाजात भीती होती असं मला वाटलं. बायकोला वाटलं नाही.

८ मार्च, रविवार, सकाळी

गाडी धुतली. चाकांना पॉलिश. निकालानंतर बोलायचे चार शब्द तयार केलेत. सुरुवातीला नम्रपणा, मग वॉशिंग मशीनचा ओझरता उल्लेख, शेवटी क्षमा. साडूला मी क्षमा करणार आहे. मन मोठं असावं.

दुपारी

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सेक्रेटरी बाई दातांच्या निवृत्त डॉक्टर. गाडीखाली सतरंजी टाकून आडव्या झाल्या आणि दात बघायचा छोटा आरसा घेऊन एकेका चाकाची पाठ तपासली. मग उठल्या, हात पुसले आणि मोठ्याने म्हणाल्या, चारही कंपनीची. पुढची अरुंद, मागची रुंद, नंबर जुळणारे. असा सेट आता मिळत नाही.

मी साडूकडे बघितलं. त्याने चक्क हात जोडले. मी चार शब्दांना सुरुवात केली. नम्रपणा संपवून वॉशिंग मशीनपर्यंत आलो होतो. बाई म्हणाल्या, एक मिनिट, बॉनेट उघडा. मी म्हणालो, चाकं झाली की, आता कशाला. त्यांनी स्वतःच उघडलं. मग ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरची कंपनीची पट्टी वाचली. पुन्हा वाचली. मग हळू आवाजात विचारलं, ही तुम्हाला कुणी विकली?

साधं मॉडेल. त्याच आकाराचं, घरगुती. इंजिन घरगुती, ब्रेक घरगुती. बंपर, मागचा पंख, डिकीवरची ‘स्पोर्ट’ पट्टी, सगळं नंतर चिकटवलेलं. मडगार्डही साधं, म्हणून चाकं घासतात. चाकं तेवढी कुठल्याशा खऱ्या स्पोर्ट्स गाडीची. बाई म्हणाल्या, खऱ्या गाडीला डुप्लिकेट चाकं रोज बघते, हे उलटं पहिल्यांदाच बघितलं. त्यांच्या स्वतःच्या गाडीचंही तसंच आहे. गाडी खरी, चाकं डुप्लिकेट. तुमची देता का, असं त्यांनी विचारलं.

नाही म्हणालो. मान ताठ ठेवून म्हणालो.

९ मार्च, सोमवार

शांतपणे विचार केला. वाद चाकांचा होता. चाकं कंपनीची निघाली. म्हणजे मी जिंकलो. हे बायकोला पटवून दिलं. ती म्हणाली, तुम्ही चाकं म्हणाला नव्हता, गाडी म्हणाला होता. सगळ्यांनी ऐकलंय. शब्दात पकडण्याची ही वृत्ती मला पहिल्यापासून आवडत नाही.

विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, साहेब, तुम्ही चाकांचं विचारलंत, मी चाकांचं सांगितलं. बाकी काही विचारलंत का?

१४ मार्च, शनिवार

गाडी गेली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने साधी लोखंडी चाकं लावून नेली. म्हणाला, शिकणाऱ्यांना हळू चालणारीच बरी. गेटमधून बाहेर पडताना एकदाही घासली नाही.

कंपनीची चाकं दिली नाहीत. देणारही नाही. शिवणक्लास गॅरेजमध्ये गेला, हॉल रिकामा झाला, तिथे भिंतीशी चारही एकावर एक रचून ठेवलीत. बायकोने वर एक चादर घातली. भांडली नाही. भांडली असती तर माझ्याकडे मुद्दे होते.

१५ मार्च, रविवार

साडू आला. मी तयारीत होतो. तीन उत्तरं जिभेवर ठेवली होती, तिसरं तर फारच झोंबणारं.

त्याने चादर बाजूला केली. वरचं चाक उलटं केलं, खाली बसून चष्मा लावून नंबर वाचला. मग बायकोसमोर, मेहुणीसमोर, उभा राहून म्हणाला, चाकांच्या बाबतीत तुमचंच बरोबर होतं. मी चुकलो.

अगदी हेच शब्द. इतकी वर्षं ज्यांची वाट बघितली तेच. मी वाट बघत राहिलो की आता हसेल, आता पुढे काहीतरी टोमणा येईल. हसला नाही. मेहुणीही हसली नाही. चिडवलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो.

जाताना त्याने खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, उद्या ऑफिसला सोडू का?

हो म्हणालो.