उतरणीवरचा टायर

कुडाळ,
२४ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सत्यवानदादास किशोरीचा नमस्कार.

काल भाऊबीज झाली. तू बोलावलं नाहीस, मी आले नाही, फिट्टंफाट. माझा नंबर तू गणपतीपासून ब्लॉक केलायस, म्हणून हे पत्र. वहिनींच्या करंज्या पोचल्या. सारण जरा कमी होतं, पण तेवढं मी माणसांच्या बाबतीतही चालवून घेते.

मागणं आधी लिहिते, कारण पत्र आणणाऱ्या तुझ्या लेकीला तेवढंच माहीत आहे. रविवारी पुण्याच्या सायकल कंपनीचे साहेब येणार आहेत. त्यांना आम्ही बनवलेला सायकलचा टायर बघायचाय, तोही तुझ्या काजूच्या बागेतून व्हाळाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेवर. जांभ्या दगडावरचं शेवाळ सुकायच्या आत. त्यासाठी तुझी परवानगी हवी.

तू म्हणाला होतास, "बरे ट्रकाचे टायर रिमोल्ड करी होतंस, ह्या पोरांच्या सायकलींचा भूत खंयसून लागला?" भूतच. पहिल्या साच्यात टायरवरचे दाते उंच ठेवले, ते जांभ्यावर मोडून पडले. दुसऱ्यात ठेंगणे केले, तर त्यांच्यात चिखल भरून टायर केळीच्या सालीसारखा झाला. तिसऱ्यात मधले दाते ठेंगणे, कडेचे उंच, प्रत्येकाला मधोमध एक चीर, म्हणजे ओल्या दगडाला तो बोटांसारखा धरतो. रबर वरून मऊ, आतून कडक. हा नमुना कुणावरून उचलला ते वहिनींना विचार, त्या तुझंच नाव घेतील.

खरंच धरतो रे दादा. तुझ्या त्या उतरणीवर बकरी घसरते, तिथे हा सरळ उतरला. तुला न विचारताच उतरवला, तेही आताच सांगते.

टायर चालवून कोण बघतं ते मी अजून लिहिलेलं नाही. पत्राला मध्येच प्रश्न विचारता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण.

तुझी आकांक्षाच चालवते. तू तिला माझ्याकडे हिशेब लिहायला धाडलंस आणि ती आठवड्याच्या आत सायकलवर बसली. मी अडवलं नाही. तिच्याइतकं चांगलं कुणीच सांगत नाही, टायर कुठे धरतो आणि कुठे सोडतो. आणि तिच्या हनुवटीवरचे टाके, जे दिवाळीत तुम्ही बघितलेत, ते विहिरीच्या पायरीवर पडून झालेले नाहीत.

आता पाणी पी आणि पुढे वाच.

दसऱ्यानंतरची गोष्ट. ह्या टायरला ट्यूब नसते, टायरची कडच रिमला घट्ट धरून हवा कोंडते. आमची कड रिमवर चढता चढेना. चढवताना साबणाचं पाणी लावायचं असतं, ते सुकतं. पोरीने वहिनींनी धाडलेलं घाण्याचं खोबरेल लावलं. आपल्याकडे अडलेल्या दाराला, रडणाऱ्या पोराला आणि दुखणाऱ्या गुडघ्याला तेच लावतात, मग टायरला का नाही? पण खोबरेल सुकत नाही. तुझ्या उतरणीच्या खालच्या वळणावर पुढचा टायर रिमवरून निसटला आणि ती दगडावर तोंडावर आली.

रक्त पुसायच्या आधी तिने चाक हुंगलं. "आत्ये, माझा त्याल! माझ्याच हातान झाला ह्या."

मी म्हटलं, "असू दे गो. व्हता असा."

त्या वेळी मलाही तेलामुळेच झालं असं वाटलं होतं, तुझी शपथ. दुसऱ्या दिवशी मी नवा टायर घेतला, साबणाच्या पाण्याने चढवला, रात्रभर सुकू दिला. हवा कमी केली आणि कारखान्यातल्या आमच्या परशुरामला कडेवर पाय द्यायला सांगितलं. निसटला. दुसरा घेतला, तोही. तेलाचा थेंब नसताना. परशुराम माझ्याकडे बघून म्हणाला, "बायनू, आकांक्षाक सांगूक व्हया." मी म्हटलं, "सांगतंय."

माझी कडच चुकलीय. आत जायला आढेवेढे घेते आणि बाहेर पडायला एका पायावर तयार असते. आपल्या घराण्यातला एकही माणूस इतका सोपा नाही.

आणि मी सांगितलं नाही. साहेबांनी फोनवर टायर का निसटला ते विचारलं, तेव्हाही मी तेलच पुढे केलं. पोरगी शेजारी बसून मान डोलवत होती. तेव्हापासून तिने एकदाही वेळ चुकवलेली नाही. सकाळी मी कारखान्यात पोचायच्या आधी तिने चाकं पुसून ठेवलेली असतात. रविवारी दुसऱ्या कुणाला बसवू या म्हटलं, तर म्हणते, "नाय आत्ये, मीच चलवतलंय. माझ्यामुळा तुझा नाव खराब झाला, मीच राखतलंय."

त्याच टायरवर बसून, दादा. त्याच वळणावर.

आज सकाळी साहेबांना फोन केला. टायर तयार नाही म्हटलं, कारणही सांगितलं. ते म्हणाले, मग आम्ही दुसरीकडे बघतो. बघोत. कडेचा साचा पुन्हा कापायला महिने जातील आणि तोवर बहुधा ट्रकवाल्यांच्या पाया पडावं लागेल. म्हणजे तुझ्या परवानगीची गरज उरलेली नाही. तू नेहमीसारखं 'नाय' म्हण, ह्या खेपेला मी भांडणार नाही.

मग पोरीला पत्र घेऊन का धाडलं? कारण तोंडावर सांगायला गेले की ती आधीच माफी मागते, आणि माझं तोंड मिटतं. माझी जीभ अख्ख्या कुडाळात नावाजलेली आहे. ह्या एका ठिकाणी तिचा उपयोग झाला नाही.

आता ती तुझ्यासमोर उभी असेल, तू हो म्हणतोस का बघत. तिच्यावर ओरडू नको. ओरडायचं असेल तर कुडाळला ये, मी घरीच आहे. हे शेवटचं पान तिच्या हातात दे आणि जरा अंगणात जाऊन ये.

आकांक्षा,
तुझं तेल नव्हतं गो. टायर माझा वाईट होता, आणि मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. परत यायचं की नाही ते तू ठरव. चाकं मी पुसून ठेवीन.

तुझी आत्या,
किशोरी