माशांना अंगण

बाभुळगाव, १४ जून १९६१
मंदा गेली. सकाळच्या मोटारीनं. तिचे वडील, भावजी आले, चहा घेतला, घेऊन गेले. उमरखेडला पहिलीत नाव घालायचं आहे म्हणे.
आठ महिन्यांची होती, तेव्हा वच्छला, माझी धाकटी जाऊ, छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली आणि पोर माझ्या पदरात आली. "बरी झाली का नेईन बाई," असं तेव्हाच म्हणाली होती. पाच वर्षं गेली, मी धरूनच चालले की ती काही आता... शी. काय लिहिते आहे मी.

१७ जून
घर खायला उठतं म्हणतात. खातं नाही. नुसतं बघत बसतं.
हे शाळेतून आले आणि थेट माशांपाशी जाऊन बसले. ड्रॉइंग मास्तर माणूस, मंदाच्या हट्टापायी लोखंडी चौकटीत काचा बसवून, फटींत लांबी भरून हौद केला होता. नदीतल्या सहा मासोळ्या. मंदा रोज म्हणायची, "माशाईले आंगन नाही. नुस्ती रेती. पाय पोयत असतीन त्याईचे." हे म्हणायचे, "माशाईले पाय कुठी असते?" तर रुसायची.
दिवाळीत येईल. तोवर अंगण करायचं. हे म्हणाले, "तुले दुसरी कामं नाही काय?"
नाहीत. आता कुठली कामं?

२ जुलै
विहिरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून आणलं, रेतीवर पसरलं. संध्याकाळी सगळं वर तरंगत होतं.
शेजारच्या सखूबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "लोकं शेवाय घासून काढून राह्यले अन् तू लावून राह्यली. काहून वं?"


११ जुलै
दोऱ्यानं दगडाला बांधलं. गुळगुळीत गोटा घेतला, त्यावरून घसरलं. टकळीचं सूत घेतलं, ते आठवड्यात कुजून तुटलं. शिवाय जाड थर बांधला होता, त्याच्या पोटातलं सडलं आणि घरभर वास. सगळं उकिरड्यावर.
मंदाची एक चप्पल पलंगाखाली सापडली. एकच. रडले.

२३ जुलै
आता बेत बरा जमतोय. लिबलिबीत शेवाळ घ्यायचं नाही, ते वाढतं आणि गळ्यापर्यंत येतं. मखमलीसारखं, बारीक फांद्यांचं घ्यायचं. फुटका पाटा परसात पडला होता, त्याचे तुकडे केले. टाकी लावलेला दगड, खरबरीत, छान धरतो. वर अगदी विरळ थर, आणि शिवणाच्या रिळाचा काळा दोरा, आडवा-उभा. घट्ट नाही. वेणी घालताना आवळली की मंदा ओरडायची, तितपतच.

२० ऑगस्ट
हे उमरखेडला जाऊन आले.
"कशी आहे?"
"उंच झाली."
"माझी आठवण काढली?"
"खेळून राह्यली होती."
खोटं बोलता येत नाही या माणसाला. एवढा एकच दोष, पण फार मोठा.

८ सप्टेंबर
शेवाळानं धरलं. दोरा कापून काढला तरी सुटलं नाही. हात लावून लावून पाहिलं.
बेंबळा नदीच्या काठावरून चार पानांची ती बुटकी वेल आणली, जमिनीसरशी पसरणारी. मुळं वेगळी करून चिमट्यानं रेतीत एकेक खोचली. मासोळ्या मागून उपटतात, मी पुन्हा खोचते. माझ्यापेक्षा चिवट कोण.

३० सप्टेंबर
वेलीची जुनी पानं सगळी गळाली. मेली म्हणून काढणार होते, तर बुडाशी नवी. चार नाहीत, एकेकच पान, निराळंच. पाण्याखाली आली की असं होत असेल. पण जगली.

२७ ऑक्टोबर
माझ्याच हातानं घात केला.
पाणी थोडं गढूळ दिसत होतं. मंदा येणार, काच लख्ख हवी. पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवतो तशी हौदात फिरवली, आणि जरा जास्तच. पाणी कसं काचेसारखं झालं. कौतुकानं यांना हाक मारली. दुपारी मासोळ्या वर तोंड काढून, आणि दिवेलागणीला सहाही उलट्या.
पिढ्यान् पिढ्या आपण पितो ते पाणी. त्यांना का नाही मानवलं?
सखूबाई म्हणाल्या, "मासेच तं होते वं." हो. मासेच होते.
हिरवं तेवढं उभं आहे. अंगण आहे, खेळायला कोणी नाही.

४ नोव्हेंबर
आली. वच्छला, भावजी, मंदा. दोन वेण्या, लाल फिती. हौदापाशी धावली आणि ओरडली, "माय, पाह्य ना, किती हिरवं." मी पुढं झाले. ती वच्छलाला म्हणत होती.
मग माझ्याकडे वळून, "काकू, मासे कुठी गेले?"
वच्छलाचं तोंड उतरलं. "बाई, म्या नाही शिकवलं. शायेतल्या पोरी हासत होत्या हिले, दोन दोन माया म्हणून."
मी म्हटलं, काकूच आहे मी.
दुपारी जेवणं झाल्यावर मंदा उशी घेऊन दारात उभी राहिली, पाहुण्यासारखी. "काकू, मी कुठी झोपू?"
जागा दाखवली.

१२ नोव्हेंबर
उद्या जाणार सगळे.
आज वच्छला तांदूळ निवडता निवडता खालमानेनं म्हणाली, "मले पुन्हा दिवस गेले बाई. छातीचं बी सुरू झालं. डाक्टर म्हणते, आराम पाह्यजे. मंदीले ठेवता काय इथंच? दोन-तीन वर्सं."
दोन-तीन वर्षं. म्हणजे पुन्हा माय म्हणायला लागेल, आणि पुन्हा एका सकाळी भावजी चहा घेतील.
"सांगते," म्हणाले.
यांना विचारलं, तर "तुह्या मनावर आहे." माझ्या मनाला कोण विचारतं? ते जून महिन्यातच मोडलं. आणि तरीही आत काहीतरी हरखलंय, लाज नाही त्याला.
मंदाचा पिवळा झगा धुवून वाळत घातला होता, तो घडी करून मांडीवर घेतलाय. वच्छलाच्या पिशवीत ठेवायचा की आमच्या पेटीत, तेवढं ठरवायचं आहे.