काळोखगडातले निरोप

२६ नोव्हेंबर, बुधवार

सतरा वेळा मेलो. पुलावरच्या आंधळ्या जल्लादानं सतरा वेळा मारलं, आणि तरी गेम बंद करावासा वाटला नाही. 'काळोखगड'ची ही पहिली जमेची बाजू.

वेबसाइटवाल्या निकितानं परीक्षण मागितलंय. १५ डिसेंबरपर्यंत द्यायचं. जमेच्या बाजू आणि उणिवा, दोन्ही. 'लाडात येऊन लिहू नकोस' अशी ताकीदही दिलीय. सकाळ-संध्याकाळ क्लासच्या ऑफिसात बसतो. मधली दुपार मी आणि काळोखगड.

आत्तापर्यंतचं टिपून ठेवतो. तलवारीला वजन आहे, उचलताना गडी खरंच वाकतो. कंदिलात तेल बेताचं. संपत आलं की आधी आवाज बदलतात, उजेड नंतर जातो — लय भारी. पूर्ण मराठीत आहे आणि भाषाही मराठी माणसासारखी आहे.

उणिवा — अरुंद खोलीत कॅमेरा भिंतीत घुसतो. नकाशा नाही. गोष्ट इतकी तुकड्या-तुकड्यांनी सांगतात की सहा तास खेळूनही कोण कुणाचा वैरी ते कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे निरोप. दुसऱ्या खेळाडूसाठी जमिनीवर निरोप ठेवता येतो, पण लिहिता येत नाही! साठेक शब्द दिलेत, त्यातले जास्तीत जास्त तीन निवडायचे. 'पुढे', 'धोका', 'दार', असले. नाव नाही, वेळ नाही. आणि तुमच्या यादीतल्या दोस्तांनाच ते दिसणार.

धाकटी बहीण वैशू इथं असती तर त्या पुलावर मला पोटभर हसली असती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेम उघडला नाही. आईनं आज परत जिंतूरला, वैशूच्या सासरी, फोन लावला.

वैशूच्या लग्नाला सात महिने झाले. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. शाळेत असल्यापासून आम्ही एकाच माऊसवर भांडत खेळलो. पंचमीला आली तेव्हा काळोखगडची कच्ची आवृत्ती मी तिच्याही लॅपटॉपवर टाकून दिली होती. तिच्या खेळाडूचं नाव रानजाई, माझ्या दोस्तांच्या यादीत ती एकटीच. त्यानंतर ती आली नाही. दिवाळीला पाठवली नाही. आता वीस दिवस फोन बंद.

सासूबाई, पंचफुलाबाई, आईला म्हणाल्या की ती कापूस वेचायला गेलीय. परवा म्हणाल्या होत्या न्हायला गेलीय. त्याच्या आधी झोपलीय.

अण्णा म्हणाले, नव्या घरात वेळ लागतो.

१ डिसेंबर, सोमवार

परीक्षणाला फोटो पाहिजेत म्हणून पहिल्या गावात गेलो. गेमची सुरुवात होते ते गाव, तिथं आता कुणी थांबत नाही. विहिरीपाशी एक सावली. दुसरा कुणी खेळत असला की त्याची सावली दिसते, बोलता येत नाही. वर नाव — रानजाई.

मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो.

सावली दोन पावलं चालली, थांबली, ढाल वर धरून उगीच उभी राहिली. मग गेली. वैशू अशी खेळत नाही. ती ढाल टाकून पळत जाते, मरते, हसते. अंगातला जीवच गेलाय की काय तिच्या?

ती गेली तिथं जमिनीवर निरोप होता. 'दार — बंद — बाहेरून'.

दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मग स्वतःला समजावलं की गेममधल्या एखाद्या दाराचं सांगत असेल. पहिल्या गावात बाहेरून बंद असलेलं दार शोधलं. सगळी घरं फिरलो. नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

तिच्या निरोपाशेजारी काल माझा ठेवला होता — 'मदत — हवी', पुढं प्रश्नचिन्ह. (प्रश्नचिन्ह देतात, एवढी कृपा.)

आज दुपारी अडीचला तिचं उत्तर. 'मदत — हवी — लवकर'.

मेल का करत नाही? गेम उघडता येतो तर बाकीचंही उघडता येईल. कुणी मागून बघत असेल. गेम खेळताना बघितलं तर खेळ म्हणून सोडून देत असतील. एवढंच सुचतंय.

३ डिसेंबर, बुधवार

मी — 'धोका — कुठे'. ती — 'धोका — आत — माणूस'.



४ डिसेंबर, गुरुवार

बजरंगला फोन केला. भावजींशी मी कधी जास्त बोललेलो नाही. इकडचं-तिकडचं झालं, मग वैशूला द्या म्हटलं. तो म्हणाला, तिचा फोन पाण्यात पडला, दुकानात दिलाय. मी म्हटलं, मग तुमच्या फोनवर द्या. तो म्हणाला, मी बाहेर हाय. मागं भांडी घासल्याचा आवाज येत होता.

अर्ध्या तासानं आईला मुद्दाम पंचफुलाबाईंना फोन लावायला लावला. त्या म्हणाल्या, वैष्णवीचा फोन चार्जिंगला हाय.

जेवताना अण्णांना सगळं सांगितलं, निरोपांसकट. अण्णांनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. हजार माणसांची भांडणं मिटवली, पण स्वतःच्या व्याह्यांपुढं आवाज निघत नाही. घास तसाच हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "गेममधल्या तीन शब्दांवर लेकीचा संसार मोडायचा का?"

खरंच मोडणार का मी? चूक निघाली तर? वैशूच म्हणाली की दादा, मी नुसती खेळत होते, तर?

आईनं ताट उचललं. म्हणाली, "शब्द राहू द्या. एका फोनच्या दोन गोष्टी कशा झाल्या, तेवढं सांगा मला."



५ डिसेंबर, शुक्रवार

निकिताचा मेसेज — कुठवर आलं? लिहायला बसलो. जल्लादाच्या पुढच्या भागात शत्रू तेच-तेच येतात. रंग बदलून तीन वेळा तोच लांडगा, ही उणीव. पण कुठल्या कोपऱ्यातून येतील ते कधीच कळत नाही. दार उघडायला हात लावला की काळजात धस्स होतं, हे मात्र मानायला पाहिजे.

चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. मला सध्या फक्त दारं दिसायलीत.

रानजाई आली नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आजही नाही. साडेबारापासून चारपर्यंत विहिरीपाशी उभा होतो. आई माझ्या मागं उभी. तिला त्या पडद्यातलं काही कळत नाही. दर पाच मिनिटांनी विचारायची, दिसली का.

७ डिसेंबर, रविवार

पावणेतीनला निरोप. 'आवाज — नको'. त्याच्याशेजारी दुसरा — 'हात — जखम'.

आईला वाचून दाखवला. ती आत गेली, पिशवीत दोन लुगडी भरली, म्हणाली, "मी उद्या जाणार. तुमच्यापैकी कोण येतंय ते ठरवा."

अण्णा पिशवीपाशी येऊन बसले. मी आलो तर मिटवायला बसेन, म्हणाले, माझा सोभाव तसाच हाय. तुमी दोघं जा. आणि डोळे पुसले. मी अण्णांना कधी असं बघितलं नव्हतं.

निघायच्या आधी तिला काहीतरी सांगायला पाहिजे होतं. 'येतो' हा शब्दच यादीत नाही! 'उद्या' नाही. शेवटी 'थांब — मदत — पुढे' असं ठेवलं. कळेल का तिला?

८ डिसेंबर, सोमवार

घरी आलो. वैशू आत झोपलीय. आधी लिहून काढतो, नाहीतर झोप यायची नाही मला.

सकाळच्या गाडीनं सेलू, तिथून जिंतूर. अकरा वाजता दारात. सांगून आलो नव्हतो. पंचफुलाबाईंच्या कपाळावर आठी आली आणि लगेच गेली. या, बसा, एवढ्या अचानक? आईनं ठरवलेलं सांगितलं — माझ्या भावाच्या घरी कार्यक्रम हाय, लेकीला चार दिवस नेते.

वैशू बाहेर आली. मी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली. आईच्या पायाशी वाकली ती उठेचना, आईनंच उचलली. मी आधी तिचे हात बघितले. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज होता. काही दिसलं नाही.

पंचफुलाबाई म्हणाल्या, आत्ता जमायचं न्हाई, कापसाचे दिवस हायत. आई म्हणाली, जमवा. त्यांनी बजरंगला फोन केला. तो आणि त्याचा थोरला भाऊ बन्सीधर दोघंही वीस मिनिटांत हजर. बन्सीधर दारातच उभा राहिला, चौकट धरून. बोलला काहीच नाही, पण सगळं घर त्याच्याकडं बघून बोलत होतं. बजरंगनं आवाज चढवला. आमच्या घराची पद्धत हाय, विचारून यायचं, विचारून न्यायचं.

मला वाटलं आता हाणामारी होणार. गेममध्ये सतरा वेळा मरणारा मी, तिथं भिंतीला टेकून उभा होतो.

आईनं पदर खोचला आणि जमिनीवर मांडी घातली. आवाज न चढवता म्हणाली, "लेकीला घेतल्याबिगर मी उठत न्हाई. गाव गोळा झालं तरी चालंल."

शेजारचे लोक आधीच कुंपणापाशी आले होते. बन्सीधरनं ते बघितलं. मान हलवली. झालं.

वैशूची थोरली जाऊ, रेणुका, बन्सीधरची बायको, त्यांनी पाणी आणलं. मी त्यांना लग्नात एकदाच बघितलं होतं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. पेला देताना अगदी हळू म्हणाल्या, "दोघंच आलात?"

मी म्हटलं, हो, अण्णांना बरं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, अजून काही ऐकायचं असल्यासारख्या. बन्सीधर खाकरला, तशा आत गेल्या. वैशूची पिशवी मात्र त्यांनीच भरून दारात आणून ठेवली.

गाडीत वैशू सेलूपर्यंत आईचा पदर मुठीत धरून बसली होती.

१० डिसेंबर, बुधवार

झोपते, उठते, जेवते, परत झोपते. आईनं विचारलं तेवढं सांगितलं. बी.एड.चा फॉर्म भरायचा म्हणाली म्हणून फोन काढून घेतला. माहेरी जायचं नाही, अशी तंबी. मारलं का, विचारलं. नाही म्हणाली, मला नाही. मग रडायला लागली. मी बाहेर आलो.

निरोपांचं काही काढलं नाही. तिला त्या दिवसांची आठवण कशाला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज थोडी बोलली. पण सारखं रेणुकाताई, रेणुकाताई. आई तिला जवळ घेऊन म्हणाली, आता त्या घराचं नाव काढू नको तोंडातून. विसर.

वैशू उठून पलीकडच्या खोलीत गेली.

१४ डिसेंबर, रविवार

परीक्षण पूर्ण केलं. निरोपांची सोय मी उणिवांमधून काढून जमेच्या बाजूला टाकली. खरं कारण लिहिलं नाही. फक्त एवढं लिहिलं — तीन शब्दांत माणूस किती सांगू शकतो ते हा गेम दाखवतो.

शेवटचा फोटो घ्यायला दुपारी पहिल्या गावात गेलो. विहिरीपाशी रानजाईचा निरोप, आधी न बघितलेला. 'मदत — कुठे'.

वैशू तर इथं, पलीकडच्या खोलीत झोपलेली! म्हणजे गेम निरोप आठवडा-आठवडा उशिरानं पोचवतो. एवढ्या भारी सोयीची माती केली. तेही लिहिलं, उणिवांमध्ये, सगळ्यात शेवटी. पाठवून दिलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

वैशूला सकाळी पहिल्यांदा निरोपांबद्दल सांगितलं. तू मागितलीस म्हणून आलो, म्हटलं.

कसले निरोप, म्हणाली. तिचा लॅपटॉप दसऱ्यालाच काढून घेतला होता. तेव्हापासून तो बन्सीधरच्या खोलीत. दुपारी बन्सीधर बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी लावून जातो आणि रेणुकाताई आत असतात. त्यांना वैशूनंच विरंगुळा म्हणून तो गेम शिकवला होता, लॅपटॉपमधलं दुसरं त्यांना काहीच येत नाही.

"दादा, ते मी न्हाई लिहिलं."

आई चपला घालून उभी आहे. अण्णा महिलांच्या हेल्पलाइनवर पत्ता सांगायलेत, यावेळी तेही येणार. वैशू म्हणते मीही. सेलूची गाडी साडेअकराला. आम्ही चौघं.