दुकानाचा कर आता माझ्या नावावर

तुळजापूर, सोमवार, संध्याकाळ

घटस्फोटाची बोलणी झाली, दुकान माझ्याकडंच राहणार. तरी दादा सकाळपासून मागं लागलाय, "परत करून टाक, न्हायतर भाड्यावर कर तुला भरावा लागंल." शेवटी करसल्लागाराला विचारून आले. दुकान लग्नानंतर ह्यांनी (विजयनं म्हणायचं, ही सवय मोडायला पाहिजे) माझ्या नावावर केलं. पाटीवरही माझंच नाव. पण बायकोला दिलेलं, म्हणून भाडं कायद्यानं विजयच्याच उत्पन्नात धरलं जायचं. घटस्फोटानंतर भाडं माझं, करही माझा. एवढंच व्हय? मग भ्यायचं कशाला? दादाला सांगितलं, "कर मी भरीन. दुकान देणार न्हाय." उद्या पाटी रंगवायला देते. नाव तेच, आडनाव माहेरचं.