बोरकुंडीच्या इंजिनाला रॉकेल पाजू नये

मी, तानुबाई भ्रतार लोटन झुलाल पाटील, वय अदमासे त्रेसष्ट, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे बोरकुंडी, तालुका शिंदखेडा, जिल्हा पश्चिम खानदेश, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने नव्हे, उलट एकदोघांना धाक बसावा म्हणून, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला अक्षरओळख सहीपुरती आहे. मी सांगते आणि शाळेचे अभिमन मास्तर लिहितात. मास्तरांना बजावले आहे की मी बोलेन ते उतरवा, गाळायचे काम माझ्याकडे रांजणात होते, कागदावर नको.

छातीचा भाता आता पुरत नाही. दोन पायऱ्या चढले की बसावे लागते. म्हणून आजच उरकते.

कलम १. राहते घर माझ्या यजमानांचे होते. मास्तर म्हणतात, विधवेला त्यात जगण्यापुरता हक्क, मृत्युपत्राने देण्याचा नाही. बरे झाले. मला मूलबाळ नाही, तेव्हा ते माझ्यामागे धाकटे दीर बन्सीलाल भावजी यांच्याकडे जाईल. पावसात माजघर गळते, तेही त्यांच्याकडे जाईल.

कलम २. गिरणीचे आडवे तेलइंजिन मात्र माझे आहे, आणि ते कसे माझे, हे नीट लिहून ठेवते, कारण उद्या भांडण इथेच होणार. सन १९२९ साली शिरपुराकडचे सरकी काढायचे एक जीन बंद पडले, तेव्हा हे इंजिन विकायला निघाले. यजमानांच्या मनात फार होते, पण हातात काही नव्हते. मी माहेरचे गोठ, पाटल्या आणि वाक्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. पावती माझ्या नावे केली, ती यजमानांनी स्वतः केली. ते म्हणाले, "तुनं सोनं शे, तुनंच इंजिन." पावती लोखंडी पेटीत आहे. म्हणजे हे माझे स्त्रीधन झाले. दीर, पुतणे, भाऊकी, कोणाचाही त्यावर कवडीचा हक्क नाही.

त्या दिवसापासून बन्सीलाल भावजी त्याला "वहिनीची अवदसा" म्हणतात. दळण मात्र सोळा वर्षे त्यावरच झाले. अवदसेच्या पिठाची भाकरी त्यांच्या घशात कधी अडकली नाही.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. इंजिन आले त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, आम्ही बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळत होतो. यजमान म्हणाले, राबणारा तो बैलच, यालाही चोळा. आम्ही चाकाला हळद लावली, कुंकू लावले, इथवर ठीक होते. पण उरलेले हळदीचे लोणी बन्सीलाल भावजींनी झाकण काढून तेलाच्या टाकीत ओतले. म्हणे, बैलाला खायला घालतो ना, मग यालाही पाजा! पोळ्याच्या सकाळी इंजिन दोनदा खोकले आणि गप्प बसले. साऱ्या गावाचे पुरणपोळीचे गहू तसेच पडले. बायांनी हातांना फोड येईस्तोवर जाती ओढली आणि शिव्या मला दिल्या.

तेव्हा नजीरभाई लोहाराने पहिल्यांदा इंजिन उघडले. त्याने आयुष्यात बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावांखेरीज काही उघडले नव्हते. एकेक नळी काढून त्याने घोंगडीवर मांडली. नळी पिवळीजर्द! पाचव्या दिवशी इंजिन सुरू झाले, आणि त्या पाच दिवसांत नजीरभाई इंजिन शिकला. भावजींची तेवढी एक चूक गावाच्या उपयोगी पडली.

कलम ३. नाल्याकाठची करंजाची सतरा झाडे, जमिनीसकट. ही माझ्या आईने दिलेल्या पैशातून माझ्या एकटीच्या नावे घेतली आहेत, खरेदीखत त्याच पेटीत आहे. तेव्हा लोक हसले. करंज ना गोड, ना शेळी तोंड लावते, ना फळ खाता येते. मला सावली हवी होती, एवढेच. पुढचे मलाही ठाऊक नव्हते, उगाच शहाणपणा सांगत नाही.

यजमान अडतिसाव्या साली गेले. लढाई लागली आणि बेचाळीस साली इंजिनाचे तेल बंद, रॉकेल चिठ्ठीवर. मी तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "बाई, लढाई चालू आहे. गिरणी बंद ठेवा, जात्यावर दळा, तब्येत चांगली राहते." अरे बाबा, तूच ये म्हणावे जाते ओढायला! त्या संतापातच मी नाल्यावरून घरी आले. चैत्र होता, करंजाच्या शेंगांचा खच पडला होता. माझी आई करंजाच्या तेलाचा दिवा लावत असे, हे तेव्हा आठवले. जे वातीत जळते ते इंजिनात का जळू नये?

बैलाच्या घाण्यावर पहिला घाणा काढला आणि तेल तसेच इंजिनात ओतले. धूर असा झाला की माणसे घागरी घेऊन धावत आली, गिरणी पेटली म्हणून. भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आता तरी मोडीत घाला." पण नजीरभाई नळी पुशीत म्हणाला, "अक्का, कचरा तेल में है, इंजिन में नहीं." झाले. मी तीन रांजण मांडले. पहिल्यात गाळ बसू द्यायचा, दुसऱ्यात चार पदरी कापडातून गाळायचे, तिसऱ्यात महिनाभर निवळत ठेवायचे. कापड म्हणून यजमानांची धोतरे घेतली. विधवा असून नवऱ्याची धोतरे तेलात बुडवते, म्हणून बायकांनी नावे ठेवली. ठेवू द्या. धोतरे पेटीत घडी घालून ठेवली असती तर कसर लागली असती. त्यांना माझे करणे आवडले असते, हे मी जाणते, कारण त्यांच्याबरोबर चाळीस वर्षे मी काढली, बायकांनी नाही.

सुरू करायलाही रॉकेलचा थेंब लागत नाही. इंजिनाच्या डोक्याखाली पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळक्या काड्यांचे, निखारे करायचे, नजीरभाईच्या भात्याने फुलवायचे, डोके लाल झाले की चाकाला झोका द्यायचा. शेंगा गावच्या बाया वेचतात. टोपलीभर बी आणले की त्या घरचे दळण त्या बियांच्या मोबदल्यात, पैसा नाही. पेंड शेताला जाते, तिच्या वासाने वाळवी पळते. तीन वर्षे आसपासच्या गिरण्यांना कुलपे होती, बोरकुंडीचे इंजिन एक दिवस थांबले नाही.

आता परवा लढाई संपली म्हणतात. देवाची कृपा, पोरे घरी येतील. पण बन्सीलाल भावजी कालच येऊन म्हणाले, "वहिनी, आता रॉकेल येईल. करंज कशाला हवेत? तोडून कोळसा पाडू. धुळ्याच्या रस्त्यावर मोटारी पेट्रोलऐवजी कोळशावर चालतात, ठेकेदार तयार आहे." ठेकेदाराचा माणूस मागल्या चैत्रातही कुऱ्हाड घेऊन आला होता. मी खोडाला पाठ लावून बसले आणि म्हटले, मार, पण आधी मला विचारून कुठे मारायची ते ठरव. तो गेला. मी मेल्यावर खोडाला पाठ लावायला कोण बसणार, एवढीच मला काळजी आहे. बाकी कशाची नाही.

रॉकेल येवो, नदीसारखे येवो. जे दुसऱ्याच्या हुकमाने येते ते दुसऱ्याच्या हुकमाने जाते. आम्ही ते एकदा बघितले, पुरे झाले.

कलम ४. म्हणून इंजिन, दळणाचे दगड, तेलाचा घाणा, घाण्याचा बैल, तीन रांजण आणि सतरा करंज जमिनीसकट, हे सर्व मी भिकुबाई हिला देते. भिकुबाई ही बन्सीलाल भावजींची थोरली सून. मागल्या ज्येष्ठात मी तापाने पडले, तेव्हा ही पोर मागच्या दाराने येऊन इंजिन चालवून जात होती. सासऱ्याचा हुकूम होता की सुनेने चाकाला हात लावायचा नाही. तिने दोन्ही हात लावले. हे सर्व तिच्या एकटीच्या नावे, तिचे स्त्रीधन म्हणून देते. नवऱ्याला किंवा सासऱ्याला विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा झाड तोडण्याचा अधिकार नाही. शेंगा वेचण्याचा हक्क गावच्या बायांचा राहील.

कलम ५. नजीरभाईला इंजिनाचे पाने, शेगडा आणि ऐरण द्यायची होती. मास्तर म्हणाले, साक्षीदाराच्या नावे मृत्युपत्रात काही नसावे. म्हणून ती आज हयातीतच दिली, त्याने उचलूनही नेली.

कलम ६. कचेरीतल्या त्या कारकुनाला करंजतेलाची एक बाटली. खरजेवर उत्तम.

कलम ७. माझ्या सरणाला पऱ्हाटी आणि गोवऱ्या घ्याव्यात. करंजाची फांदी घेतलीत तर मी उठून बसेन.

इथवर लिहून झाले, आणि बन्सीलाल भावजी कानबाईच्या रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू घेऊन गिरणीत आले. परवा रविवारी कानबाईचा सण, आणि आसपास दुसरी गिरणी अजून चालू नाही. रोट दळायचा तर दगड धुवून, दुसरे धान्य न घालता, म्हणून आज दिवसभर गिरणी त्यांच्यासाठीच मोकळी ठेवली होती. मी म्हटले, भावजी, बसा, आधी ऐका. मास्तरांनी सगळे वाचून दाखवले. मी म्हटले, पहिली साक्ष तुमची हवी. उद्या धुळ्याच्या कोर्टात म्हातारी भ्रमिष्ट होती असे तुम्हीच म्हणाल, म्हणून तुमचीच.

भावजी उठले. "घरातली चीज घरातल्या पुरुषाला सोडून सुनेला? माझी सही मिळणार नाही. गहू दळा." मी म्हटले, माझ्याने चाक हलत नाही. साक्षीला आलेला नजीरभाई म्हणाला, "जिचं आहे ती चालवील." आणि त्याने व मी भिकुबाईकडे पाहिले.

ती सासऱ्याच्या मागून येऊन दाराशी पदर ओढून उभी होती. लग्नाला नऊ वर्षे झाली, सासऱ्यापुढे तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही. मला वाटले, पोर आता घाबरणार आणि निमूट चाकाकडे जाणार. गेली असती तर हा कागद मी चुलीत घातला असता, कारण मग तिच्या नावे लिहून काय उपयोग? पदर कपाळावर होता तसाच ठेवून ती म्हणाली,

"आबा, पहिले सही. मंग दयन."

सही नाही तर दळण नाही. मास्तरांनी टाक पुढे केला. भावजींनी तिच्याकडे पाहिले, गव्हाच्या पोत्याकडे पाहिले, मग मास्तरांच्या हातून टाक ओढून घेतला.

वरील सर्व मला वाचून दाखवले, माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. साक्षीदारांच्या समोर मी सही केली व माझ्या समोर त्यांनी केली.

सही: तानुबाई भ्र. लोटन पाटील

साक्षीदार:
१. बन्सीलाल झुलाल पाटील, मजकूर ऐकून सही केली
२. नजीर अमीन लोहार, सही

लिहिणार: अभिमन नथ्थू बोरसे, शाळामास्तर

स्थळ: गिरणीचा ओटा, मौजे बोरकुंडी
तारीख: १७ ऑगस्ट १९४५, शुक्रवार, श्रावण, शके १८६७

जिच्या नावे केले त्या भिकुबाईची सही कायद्याने लागत नाही. ती आत निखारे फुलवते आहे.