पायरीवरच्या बाटल्या

घाटकोपर,
दि. २१ फेब्रुवारी १९५८

डॉ. सौ. पद्मजा मार्तंड सबनीस यांस,

सप्रेम नमस्कार. नावाआधी ‘कैलासवासी’ लिहिण्याची रीत मला ठाऊक आहे. आज ती पाळत नाही.

मी कचेरीत पुन्हा रुजू झालो आहे. डबा खानावळीतून येतो. भाजीला मीठ नसते, परंतु तक्रार करण्याचा उत्साह नाही.

आज तुझा दवाखाना रिकामा करीत आहे. औषधे धर्मादाय दवाखान्यात पोचवली. हे पत्र तुझ्याच खुर्चीत बसून लिहितो आहे. थोड्या वेळाने तीही हातगाडीवर चढेल. दुपारी घरमालक काशीरामशेट चाव्या घ्यावयास येतील.

दवाखाना बंद झाला हे लोकांना सांगूनही समजत नाही. औषधासाठी बाटली घरूनच आणायची, ही इथली सवय. आजही कोणी कोणी धुतलेल्या बाटल्या पायरीवर ठेवून गेले आहेत.

इस्पितळातली कायम नोकरी सोडून तू हा दवाखाना काढलास, त्याचे कारण मला एकदाच सांगितलेस. टेकडीवरच्या चाळीतली वनमाला अशक्तपणासाठी तुझ्या वॉर्डात वरचेवर दाखल होई. टॉनिक देऊन घरी पाठवावी, की थोड्या दिवसांनी परत. अखेर तू तिच्या घरी गेलीस. सासू ते टॉनिक साऱ्या घराला चमचा चमचा वाटत होती. “एकटीनंच गोड खायचं, असं आमच्यात नाय चालत,” असे तिने तुलाच सुनावले. त्या संध्याकाळी तू हसत घरी आलीस आणि म्हणालीस, “अहो, वॉर्डात बसून मला हे जन्मात कळलं नसतं.” लवकरच तू राजीनामा दिलास. तुझ्या दवाखान्यात टॉनिक कडूच मिळे, आणि वनमाला पुन्हा दाखल झाली नाही.

येथेच थांबायचे ठरवले होते. परंतु उत्तरेविषयी न लिहिता हे पत्र पुरे होत नाही.

आपली लेक डॉक्टर झाली. तिला इस्पितळात बालरोग विभागात जागा मिळत आहे. ती नको म्हणते. तिला ही खुर्ची हवी आहे.

काल मालन बाटली घेऊन आली. जिच्या मुलीचा घसा तपासताना तुला घटसर्पाची बाधा झाली, तीच मालन. मुलगी वाचली. ती आईचा पदर धरून उभी होती. माझ्याने तिच्याकडे पाहवले नाही.

“भाऊसाहेब, उत्तराताई बसणार ना आता?”

“दवाखाना बंद झाला आहे,” मी म्हणालो.

आतून उत्तरा म्हणाली, “मालनमावशी, बाटली ठेवून जा गं.”

मालन गेल्यावर मी उत्तरेस सांगितले, की एका घरातून एक बळी पुरे.

“बाबा, आईनं इस्पितळातही घसे तपासलेच असते ना?”

“तिथे तोंडाला पट्टी बांधतात. तिथे आणखी डॉक्टर असतात.”

“आणि ती पोर तिथवर पोचलीच नसती.”

तिला पटवता येत नाही, म्हणूनच चाव्या परत करीत आहे. जागाच उरली नाही तर ती निमूटपणे इस्पितळात जाईल. तुला हे आवडणार नाही. परंतु मला अडवावयास तू येथे नाहीस.

तुझाच,
मार्तंड

ता. क. – हे पायरीवर बसून लिहितो आहे. हातगाडी गेली. तू घसा तपासावयास वापरीत असलेला टॉर्च मी स्वतः पेटीत ठेवला होता. तो पेटीत नाही. पायरीवर एकही बाटली नाही. काशीरामशेट म्हणाले, “ताई पिशवी भरून टेकडीकडे गेल्या. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत.”

मी दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि चाव्या त्यांना परत केल्या.